बोटीतला कंडक्टर

दिवाळीला भाचा आला होता. तो अमेरिकेत, मिनेसोटात असतो. तिथल्या तळ्यांवर बोट चालवतो आणि बोटीमागे दोरी धरून पाण्यावरून घसरतो. त्याला इसापूरचं धरण दाखवायला नेलं. पाणी काठोकाठ, पलीकडचा हिंगोलीचा काठ धूसर. तो पाच मिनिटं गप्प उभा राहिला आणि मग म्हणाला, "मामा, इथे काय भारी स्की करता येईल!"

मी म्हटलं, "अन् बोट काय पुसदच्या बाजारातून आणतोस?"

तो हसला, विषय संपला. माझ्या डोक्यातून मात्र गेला नाही. तेव्हापासून वहीत हे असं टिपून ठेवतोय. काही त्याने सांगितलेलं, काही मी पाहिलेलं, काही पेपरात वाचलेलं.

*

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात पाणी नाही असं कोणी म्हणू नये. इसापूर आहे, पूस आहे, दिग्रसचं अरुणावती, बाभूळगावकडचं बेंबळा, घाटंजीकडची वाघाडी. एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला पैनगंगा. तरी पाण्याशी आमची ओळख दोनच तऱ्हांची, टंचाईची किंवा पुराची. 2018 च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली तेव्हा यवतमाळ शहर टँकरच्या मागे धावत होतं. जुलै 2023 मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले, तेव्हा हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. पाण्यावर मजा करायची असते, हे तिसरं नातं अजून जुळलेलं नाही. इथे मोटारबोट दिसली की लोक विचारतात, "कोन बुडालं?"

*

खेळाचा जन्म. 1922 साल, मिनेसोटातलंच लेक पेपिन नावाचं तळं. राल्फ सॅम्युएल्सन नावाच्या पोराच्या मनात आलं की बर्फावर घसरतात तसं पाण्यावर का घसरू नये. आधी पिंपाच्या फळ्या बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या स्की. दोन्ही बुडाल्या. शेवटी आठ फुटी लाकडी फळ्या आणल्या आणि त्यांची टोकं उकळत्या पाण्यात मऊ करून वर वाकवली. बोट भाऊ चालवत होता. काही दिवस पोरगं नुसतं पाणी पीत होतं. 2 जुलैला त्याने मागे रेलून फळ्यांची टोकं पाण्याबाहेर ठेवली आणि उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा एकोणिसावा वाढदिवस होता. त्याने शोधाचं पेटंट घेतलं नाही. ते तीन वर्षांनी दुसऱ्याच माणसाने घेतलं.

भाचा लेक पेपिनला जाऊन आलाय, पंढरपूरला जाऊन यावं तसा.

*

या खेळातली मुख्य अडचण त्याने मला गाडीत बसल्याबसल्या सांगितली. बोट चालवणाऱ्याला समोर बघायचं असतं. पण ज्याच्या जिवाची जोखीम आहे तो मागे, दोरीच्या टोकाला. एका माणसाला दोन्हीकडे बघता येत नाही. म्हणून बोटीत तिसरा माणूस लागतो. त्याने तोंड मागे करून बसायचं आणि दुसरं काहीही करायचं नाही. स्कीवाला उभा आहे का, पडला का, हात हलवतोय का, एवढंच बघायचं आणि ओरडून चालवणाऱ्याला सांगायचं.

मी म्हटलं, "म्हणजे कंडक्टर."

तो म्हणाला, "अगदी तेच, मामा."

एसटीचा ड्रायव्हर मागे वळून बघत नाही. मागच्या दारात म्हातारीचा एक पाय पायरीवर आणि एक जमिनीवर आहे, हे त्याला दिसत नाही. ते कंडक्टर बघतो. तो डबल बेल देत नाही तोवर गाडी हलत नाही आणि एक बेल वाजली की थांबते. इतकी साधी व्यवस्था. आपण लहानपणापासून तिच्या भरवशावर प्रवास केला आणि तिच्याकडे कधी नीट बघितलं नाही.

*

पाण्यावर घंटीची दोरी नसते, इंजिनाच्या आवाजात ओरडणं पोहोचत नाही. म्हणून हाताच्या खुणा. अंगठा वर, म्हणजे वेग वाढव. अंगठा खाली, कमी कर. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की हाच वेग बरा. डोक्यावर थोपटलं, काठाला ने. गळ्यावरून हात आडवा फिरवला, इंजिन बंद कर. आपल्याकडे हीच खूण कोणी गावच्या बैठकीत केली तर दोन घरांत वैर लागेल.

सर्वांत महत्त्वाची खूण पडल्यानंतरची. दोन्ही हात डोक्यावर जोडून दाखवायचे, म्हणजे मी ठीक आहे. ती खूण दिसली नाही तर माणूस जखमी आहे असं धरून चालायचं. "हसत असेल, दम खात असेल" असा विचार करायचा नाही. मला हा नियम फार आवडला. गप्प राहणं म्हणजे ठीक असणं, असं आपण घरातसुद्धा किती वेळा धरून चालतो.

*

हिशेब. ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर. शिकाऊ माणसालाही साधारण याच वेगाने ओढतात. दोरी साधारण 23 मीटर. माणूस पडला आणि मागे बघणारा मोबाईलमध्ये आहे. दहा सेकंदांनी लक्षात आलं तर बोट शंभर मीटर पुढे गेलेली. शंभर मीटरवरून पाण्यात तरंगणारं डोकं नारळाएवढंसुद्धा दिसत नाही. त्यात लाटा आणि पाण्यावरची उन्हाची चकाकी. दुसरी बोट त्याच रेषेत येत असेल तर तिला साठ मीटर कापायला सहा सेकंद पुरतात.

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी माणूस पाण्यात पडला की बोटीवरून लाल किंवा नारिंगी निशाण वर धरतात. ते धरण्याचं कामही कंडक्टरचंच.

*

इसापूरच्या काठावर एक मच्छीमार जाळं सोडवत बसला होता. शेजारी त्याचं वाहन, ट्रकची फुगवलेली ट्यूब. भाच्याने उत्साहाने विचारलं की इथे जोरात बोट पळवली तर? त्याने जाळ्यातून मान वर केली नाही.

"कुठून पळवता बाप्पा? आता पानी भरलेलं हाये म्हून बरं दिसते. खाली खुटंच खुटं हायेत."

मग बोटाने दाखवत गेला. इकडे बुडालेल्या झाडांचे बुंधे, तिकडे जुन्या विहिरीचा काठ, त्या अंगाला शेतकऱ्यांचे मोटारपंप आणि त्यांचे पाण्यात सोडलेले पाइप. मधे जाळी, त्यांना खूण म्हणून बांधलेल्या रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या. दिवाळीत जो बुंधा दोन पुरुष पाण्याखाली असतो तो होळीला वीतभरच पाण्याखाली उरतो, आणि मे महिन्यात तिथे गाळपेरीचं पीक उभं असतं.

समुद्राची भरती-ओहोटी रोजची, तिचं वेळापत्रक मिळतं. धरणाचं पाणी पावसाळा सरला की पुढच्या पावसापर्यंत उतरत राहतं. तेव्हा गेल्या वेळी मोकळा होता तो पट्टा या वेळी मोकळा असेलच असं नाही. मिनेसोटाचा कायदा वाचून इसापुरात बोट चालणार नाही, आधी या ट्यूबवाल्याला बोटीत घ्यावं लागेल. भाच्याने त्याचं म्हणणं निमूट ऐकून घेतलं. पोरगं शहाणं आहे.

*

धरणाची भिंत, सांडवा, कालव्याचं तोंड, यांच्या आसपास कसलाच खेळ नको. पाणी वरून संथ दिसतं, खालून ओढत असतं. दारं उघडण्याआधी भोंगा होतो. इंजिन चालू असताना तो ऐकू येईल याची खात्री कोणी द्यावी?

*

माझा स्वतःचा अनुभव एवढाच. काही वर्षांपूर्वी मालवणकडे गेलो होतो. किनाऱ्याचं आणि चालवणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. केळ्याच्या आकाराची फुगवलेली नळी, तिच्यावर आम्ही सहा जण घोड्यावर बसावं तसे, पुढे मोटारबोट. बनाना राइड. बोटीत दोन पोरं, एक चालवणारा आणि एक मदतनीस. मदतनिसाने मागे बघायचं, असं असावं. तो चालवणाऱ्याशी गप्पा मारत होता, दोघंही समोर.

शेवटी मजा म्हणून वळणावर नळी मुद्दाम उलटी करतात. तशी केली. माझ्या मेहुण्याच्या कोपराने माझा दात हलला. पाण्यातून वर आलो तेव्हा बोट पुढे गेलेली, आणि आमच्यातली एक बाई दिसेना. ती उलट्या नळीखाली होती, जॅकेटने वर उचललेली, डोकं रबराला टेकलेलं. कोणी तरी पाय धरून बाहेर ओढली. सगळं मिळून दहाबारा सेकंद झाली असतील. काठावर आल्यावर मदतनीस हसत म्हणाला, "मजा आली ना?"

स्कीवर माणसाच्या हातात निदान दोरीचं हँडल असतं, नको वाटलं तर सोडता येतं. नळीवर बसलेल्याच्या हातात काहीच नसतं, ना वेग, ना दिशा. बोट वळली की नळी गोफणीतल्या दगडासारखी बाहेर फेकली जाते आणि बोटीपेक्षा जास्त वेगाने फिरते. स्कीला लोक अवघड समजून भितात, नळीवर मात्र आजीपासून नातवापर्यंत सगळे बसतात. भीती चुकीच्या जागी आहे.

*

दोरीचं प्रकरण. आपण विहिरीवर वाढलेली माणसं, दोरी हाताला गुंडाळून धरायची सवय. इथे तीच सवय बोटं घेऊन जाते. दोरी हाताला, मनगटाला, कमरेला गुंडाळायची नाही. सुरुवातीला बोट अगदी हळू पुढे घेऊन दोरीचा ढिलेपणा काढायचा, आणि तिचा वेढा स्कीवाल्याच्या पायात किंवा मानेभोवती नाही, हे कंडक्टरने बघायचं. दोरी ताठ झाली, स्कीवाल्याने हाक दिली, मगच डबल बेल.

दोरी तरंगणारी हवी. बुडणारी दोरी बोटीच्या पंख्यात जाते. बोटीवर ती मध्यभागी मजबूत खांबाला बांधतात, कोपऱ्यातल्या कडीला नाही. कोपऱ्यातून ओढलं की बोट कलते, बैलगाडीच्या एकाच बैलाने जू ओढावं तशी. आणि ताणलेल्या दोरीच्या रेषेत कोणी उभं राहू नये. ती तुटली तर चाबकासारखी परत येते.

*

अंगठी, मंगळसूत्र, ओढणी, साडीचा पदर. हे सगळं खोलीवर ठेवून जावं. यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

*

पंखा. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 3000 फेरे घेत असेल तर एका जागेवरून सेकंदाला 150 वेळा पातं जातं. पाण्यातल्या माणसाला बोटीत घेताना इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून भागत नाही, किल्ली फिरवून बंदच करायचं. शिडी बहुधा मागच्या बाजूला असते आणि पंखाही तिथेच. पडलेल्या माणसाकडे परत येताना तो चालवणाऱ्याच्या बाजूला राहील असं यायचं, म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंत नजरेत राहतो. वाऱ्याकडे तोंड करून यायचं, म्हणजे वारा बोटीला त्याच्या अंगावर ढकलत नाही.

चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला एक लवचीक दोरी अडकवलेली असते, दुसरं टोक इंजिनच्या कळीला. तो पाण्यात फेकला गेला तर कळ निघते आणि इंजिन बंद पडतं. पुष्कळ ठिकाणी ही दोरी हँडलला लोंबकळत ठेवलेली मी पाहिली आहे. हेल्मेट आरशाला अडकवून दुचाकी चालवणारे आपणच.

*

आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. डब्याचं झाकण मेणाने बंद केलेलं. काका वरून ढकलून द्यायचे. डबा पाठीवर असल्याने पोटावर तरंगायचो, म्हणजे शुद्ध हरपली असती तर तोंड पाण्यात. चांगल्या जीवरक्षक जॅकेटची अक्कल इथेच आहे, त्याची उचल छातीकडे जास्त असते.

बुडणाऱ्याला वर धरायला फार ताकद लागत नाही, सात ते दहा किलोची उचल मोठ्या माणसाला पुरते. पण जॅकेट अंगावर घट्ट हवं. बांधल्यावर कोणाला तरी खांद्यावरून वर ओढायला सांगायचं. कानापर्यंत आलं तर ते जॅकेट तुमचं नाही. पर्यटनाच्या ठिकाणी जॅकेटं उन्हात वाळत असतात, पोरं त्यावर बसतात, आतला फोम चपटा होतो. दाबून बघावा. परत फुगत नसेल तर दुसरं मागावं. ओशाळायचं कारण नाही, भाजी घेताना आपण टोमॅटो दाबून बघतोच.

*

या वहीत ओढण्याच्या खेळाचं लिहायचं ठरवलं होतं. पण वर्धा नदीचं लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 14 सप्टेंबर 2021. वरूड तालुक्यात झुंज इथे नाव उलटली आणि एकाच परिवारातले 11 जण गेले. दशक्रियेसाठी जमलेली माणसं होती. तीच वर्धा पुढे आमच्या जिल्ह्याच्या कडेने वाहते. त्याआधी जुलै 2017 मध्ये नागपूरजवळ वेणा जलाशयात तरुणांची नाव उलटली, 8 जण गेले. मोबाईलवर चित्रण सुरू होतं. मे 2024 मध्ये उजनीत, करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली, 6 जण गेले. त्याच डिसेंबरात गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची चाचणीतली बोट येऊन आदळली.

यातली एकही बोट कोणाला ओढत नव्हती. पण कंडक्टरचं दुसरं काम आठवलं. तो माणसं मोजतो. जागा किती, उभे किती. भरली की दार लावतो आणि शिव्या खातो. आपल्या बहुतेक नावांवर माणसं मोजणारं कोणी नसतं. काठावर येईल तो चढतो, नावाड्याला भाडं हवं असतं, आणि "एकानं काय होते" हे वाक्य कोणी तरी म्हणतंच.

आभाळ बघून "आज नाही" म्हणणाराही कंडक्टरच. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारनंतर अवकाळी वारा कधी सुटेल सांगता येत नाही. मोठ्या धरणात काठ दोन-तीन किलोमीटर दूर असतो.

*

भाच्याचा फोन. त्याला मी कंडक्टरचा सिद्धांत ऐकवला. तो म्हणाला, "मामा, पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आमच्या मिनेसोटात तिसरा माणूस नसला तरी चालतं. मागचं नीट दिसेल असा मोठा आरसा लावायचा."

म्हणजे विनावाहक एसटी.

मला पटलेलं नाही. आरशात दिसतं हे खरं, पण आरशात बघण्यासाठी समोरची नजर काढावीच लागते. आणि आरसा निशाण धरत नाही, पाण्यात हात देत नाही. विनावाहक गाडी मधे थांबत नाही म्हणून चालून जाते. स्कीवाला तर दर दोन मिनिटांनी मधेच उतरतो. भाचा म्हणाला, "आमच्या बोटीत बायको बसते मागे बघत." मग आरशाची गोष्ट काढलीस कशाला, बाबा?

*

नियमांचं. महाराष्ट्राने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात पाण्यावरचे खेळही येतात आणि नोंदणी सांगितलेली आहे. अंतर्देशीय जलयानांचा केंद्राचा नवा कायदाही त्याच वर्षीचा, आधीचा होता 1917 चा. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे पॉवरबोट चालवण्याचं आणि जीवरक्षणाचं रीतसर शिक्षण मिळतं. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या फुगवट्यावर मुनावळ्याला सरकारने जलपर्यटन सुरू केलं आहे, तेव्हा धरणांवरचे हे खेळ आता दूरचे राहिलेले नाहीत. विदर्भातही येतील, बेंबळ्यावरही एक दिवस नळी दिसेल. त्या वेळी बोटी आणि नळ्या बाहेरून येतील. मागे बघायला मात्र काठावरचीच माणसं ठेवावीत. ज्यांना खुटं कुठे आहेत हे पाठ आहे त्यांना प्रशिक्षण द्यावं, प्रमाणपत्र द्यावं आणि पगार द्यावा. जाळं टाकणाऱ्याला काठावरून हाकलून तिथे तिकीटखिडकी उभारली, तर ते पर्यटन माझ्या मते नापास.

*

सुटे मुद्दे, नंतर विसरायला नकोत.

पोहता येत नसेल तर स्की नको, जॅकेट असलं तरी. पाण्यात गांगरणारा माणूस जॅकेटमध्येही पाणी पितो.

दारू प्यालेल्याने चालवायचं नाही, ओढून घ्यायचं नाही, आणि मागे बघायला तर मुळीच बसायचं नाही.

चालू इंजिनच्या मागे, बोटीच्या शेपटाला लोंबकळून बसू नये. धुरातला विषारी वायू तिथे साठतो, त्याला वास नसतो. माणूस पेंगुळतो आणि अलगद पाण्यात सरकतो.

सूर्य मावळला की खेळ बंद.

*

पुढच्या दिवाळीनंतर भाचा आम्हा सगळ्यांना तारकर्लीला नेणार म्हणतो. मेच्या अखेरीपासून ऑगस्टपर्यंत तिकडचे पाण्यातले खेळ पावसासाठी बंद असतात, म्हणून नोव्हेंबर धरलाय. मी अट घातली आहे. मी नळीवर बसणार नाही. मी बोटीत बसेन, मागे तोंड करून.